कुरकुरीत तळलेले चिकन : घरच्या घरी, रंगाविना



तळलेला पदार्थ दाताखाली मोडला की आपण मराठीत 'कुरकुरीत' म्हणतो, कन्नड शेजारी 'गरिगरी' म्हणतो आणि हिंदी बोलणारा 'करारा' म्हणतो. शब्द तीन, पण ओढ एकच. लहान मुलांना तर ही ओढ फार. आठवडी बाजार असो, जत्रा असो की उरूस, लालभडक चिकन कबाबच्या गाड्याभोवती मुलांचा घोळका ठरलेला. आपल्या कर्नाटकात 'चिकन कबाब' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कबाब नव्हे, तर मसाल्यात घोळवून तेलात तळलेले कोंबडीचे तुकडे. इतरत्र ज्याला फ्राइड चिकन म्हणतात, त्याचाच हा आपल्याकडचा भाऊ.

या लाल रंगामुळेच आज हा विषय घेतला आहे. २०२४ च्या जून महिन्यात कर्नाटक सरकारने कबाबमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. राज्यातून ३९ नमुने तपासले गेले, त्यांपैकी ८ नमुन्यांत कृत्रिम रंग सापडले. 'सनसेट यलो' आणि 'कार्मोइसिन' ही त्यांची नावे. हे रंग काही मिठायांत ठराविक मर्यादेत चालतात, पण कबाबात ते घालण्यास परवानगी नाही. त्याआधी मार्चमध्ये गोबी मंच्युरियन आणि साखरेच्या कापसातील 'रोडामिन-बी' या रंगावरही बंदी आली होती. तो तर कापड रंगवण्याचा रंग. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

मुलांना नुसते 'खाऊ नको' म्हणून भागत नाही. तोच पदार्थ घरी स्वच्छ आणि चांगला कसा करावा हे समजले, तर गाड्याची ओढ आपोआप कमी होते. शिवाय यात विज्ञानाचा एक उत्तम धडाही आहे. ज्या घरांत मांसाहार होत नाही, त्यांनीही हा लेख जरूर वाचावा. फुलकोबी, बटाटा, पनीर यांनाही हेच नियम लागू आहेत.

पदार्थ कुरकुरीत होतो म्हणजे काय होते?

कुरकुरीतपणा म्हणजे वरच्या थरातील पाणी निघून जाणे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, आपल्या बिदरच्या पठारावर उंचीमुळे त्याहून किंचित कमी तापमानाला. तळणीचे तेल मात्र १६० ते १८० अंशांवर असते. ओला तुकडा अशा तेलात पडला की त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची लगेच वाफ होते. कढईत जे बुडबुडे दिसतात ते तेलाचे नसून या वाफेचे असतात. ही वाफ जोपर्यंत जोराने बाहेर येत असते, तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. पाणी गेलेल्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि पिठाचा थर कडक होतो.

पाणी गेल्यावर थराचे तापमान १०० अंशांच्या वर चढते. साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यात एक रासायनिक क्रिया वेगाने होते. तिच्यामुळे तांबूस रंग आणि खमंग वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. भाकरीवर पडणारे तांबूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, हे सारे त्याच क्रियेचे फळ. थोडक्यात, निसर्ग स्वतःच रंग देतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. बाहेरचा रंग घालणारा हा वेळ वाचवत असतो.

तेल थंड असेल तर वाफ मंद निघते, थर लवकर घट्ट होत नाही आणि तुकडा तेल पितो. तेल फार तापलेले असेल तर वरचा थर करपतो आणि हाडाजवळ मांस कच्चे राहते. तळणीची सारी विद्या या दोन टोकांच्या मध्ये आहे.

आपल्या आज्या कोंबडी का तळत नव्हत्या?

गावरान कोंबडी उकिरड्यावर, शेतात हिंडून वाढते. तिचे मांस घट्ट असते. ते पंधरा मिनिटे तळून मऊ होत नाही, त्याला तासभर रश्श्यात शिजावे लागते. म्हणून आपल्याकडे कोंबडी म्हटले की रस्सा आणि ज्वारीची भाकरी. पाच-सहा आठवड्यांत वाढणारी ब्रॉयलर कोंबडी नंतर आली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि देशातील कुक्कुटपालनाचे रूप पालटले. ब्रॉयलरचे मांस कोवळे, म्हणून ते तळण्यास योग्य. गावरान कोंबडी मिळाली तर तिचा रस्साच करावा, तळण्यात तिचा आणि आपला दोघांचाही वेळ वाया जातो.

अमेरिकेत केंटकी राज्यातील हार्लंड सँडर्स यांनी कोंबडी लवकर तळता यावी म्हणून दाबाखाली तळण्याची पद्धत रूढ केली. १९५२ साली सॉल्ट लेक सिटी येथे त्यांच्या पद्धतीचे पहिले परवानाधारक उपाहारगृह निघाले. हीच कंपनी १९९५ मध्ये बेंगळुरूला आली. तेव्हा प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकातील शेतकरी संघटनेने तिला कडाडून विरोध केला होता. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. दाबाखाली तळण्याची यंत्रे वेगळी बनवलेली असतात. घरच्या प्रेशर कुकरमध्ये झाकण लावून कधीही काहीही तळू नये. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह तापलेल्या तेलासाठी बनवलेले नसतात. आपल्याला साधी, खोल लोखंडी कढई पुरे.

साहित्य (सहा जणांसाठी)

मुरवण्यासाठी : हाडासह चिकन १ किलो (मध्यम आकाराचे १२ ते १४ तुकडे), घट्ट दही १ वाटी, आले-लसूण वाटण २ मोठे चमचे, ब्याडगी मिरचीचे तिखट २ मोठे चमचे, हळद अर्धा लहान चमचा, धने-जिरे पूड २ लहान चमचे, मीठ २ लहान चमचे.

वरच्या थरासाठी : मैदा १ वाटी, तांदळाचे पीठ अर्धी वाटी, कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी, मिरेपूड १ लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. तळण्यासाठी तेल साधारण १ लिटर.

ब्याडगी मिरची मुद्दाम सांगितली आहे. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाची ही मिरची रंगाला गडद आणि तिखटपणाला सौम्य. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याच राज्यात इतका सुंदर लाल रंग पिकत असताना पुडीतला रंग कशाला हवा?

कृती

१. चिकन हाताळणे : कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भाजीवर पसरतात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर पातेल्यातील पाण्यात अलगद हलवून काढावे आणि नंतर ओटा, पातेले व हात साबणाने धुवावेत. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कांदा-कोथिंबिरीसाठी वापरू नये.

२. मुरवणे : जाड तुकड्यांना हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात. दही व मसाले चोळून झाकून ठेवावे. दह्यातील आम्ल मांस हळुवार मऊ करते आणि मीठ आत शिरून रस धरून ठेवते. फ्रीजमध्ये चार तासांपासून रात्रभर ठेवले तरी चालते. फ्रीज नसेल तर तासाभरातच तळायला घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि अशा उकाड्यात जंतू झपाट्याने वाढतात.

३. पीठ तयार करणे : तिन्ही पिठे, मिरेपूड व मीठ एकत्र करावे. मैद्यात ग्लुटेन असते, त्यामुळे थर चिकटून राहतो. पण नुसता मैदा घेतला तर तो चिवट होतो. तांदळाच्या पिठात आणि कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसते, त्यांच्यामुळे थर खुसखुशीत होतो. भांड्यातील दोन-तीन चमचे मुरवणीचे दही या पिठात टाकून बोटांनी चोळावे. त्याचे बारीक कण होतात आणि तेच तळल्यावर कुरकुरीत खवले बनतात. पिठात तिखट घालू नये, ते तेलात करपते.

४. घोळवणे : तुकडा पिठात दाबून घोळवावा, जादा पीठ झटकावे आणि ताटात १० ते १५ मिनिटे ठेवावा. पीठ ओले होऊन घट्ट बसते. ही पायरी गाळली तर अर्धा थर कढईतच सुटतो.

५. तेल तापवणे : कढई निम्म्याहून अधिक भरू नये. पिठाचा एक कण तेलात टाकावा. तो तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे. क्षणात वर येऊन काळा पडला तर फार तापले आहे. बुडबुडे सोडत सावकाश वर आला तर तेल तयार आहे.

६. पहिली तळणी : एका वेळी तीन-चार तुकडेच सोडावेत. गर्दी केली की तेल थंड होते. मध्यम आचेवर, मधूनमधून उलटत १२ ते १५ मिनिटे तळावे. सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. गुलाबी मांस किंवा लालसर रस दिसला तर आणखी तळावे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे, त्यांनी हाडाला न टेकवता मांसाच्या मध्यभागी ७४ अंश आल्याची खात्री करावी. कच्च्या कोंबडीतील साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू त्या तापमानाला मरतात.

७. दुसरी तळणी : तुकडे जाळीवर दहा मिनिटे ठेवावेत. या वेळात आतील ओलावा वरच्या थराकडे सरकतो. मग आच वाढवून दीड-दोन मिनिटे पुन्हा तळावे. तो ओलावा उडून जातो आणि खरा कुरकुरीतपणा येतो. तळलेले तुकडे लगेच डब्यात झाकू नयेत. वाफ आत कोंडली की केलेल्या मेहनतीवर पाणी पडते, अक्षरशः!

तेलाविषयी चार शब्द

आपल्या भागात करडईचे तेल पूर्वापार वापरात आहे. घाण्याचे करडईचे तेल फोडणीला छान, पण कडक तळणीत ते लवकर धुरावते. तळणीसाठी रिफाइंड शेंगदाणा किंवा तत्सम तेल घ्यावे. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक संयुगे साचतात. १ जुलै २०१८ पासून देशात नियम आहे की अशा ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये. घरी हे मोजता येत नाही, पण ओळखता येते. तेल काळसर, चिकट झाले, फेस येऊ लागला, लवकर धूर येऊ लागला की ते टाकून द्यावे. एकदा वापरलेले तेल गार करून, गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवावे. जुन्या तेलात नवे तेल ओतत राहू नये. बाद तेल मोरीत ओतू नये, बाटलीत भरून टाकावे.

सुरक्षा आधी, चव नंतर

पाचवी-सहावीच्या मुलामुलींनी दही-मसाला चोळावा, पीठ मोजावे, आणि हात साबणाने धुवावेत. तापलेल्या कढईजवळ मात्र मोठ्यांनीच उभे राहावे. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. पाणी तेलाच्या खाली जाते आणि क्षणार्धात त्याची सुमारे सोळाशे पट आकारमानाची वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करावा आणि कढईवर घट्ट झाकण ठेवावे. हात भाजला तर टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये. नळाच्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक विनंती. तळलेले पदार्थ रोजचे नव्हेत, महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवसाचे आहेत. त्या दिवशी आई एकटीच कढईपुढे आणि बाकीचे ताटावर, असे चित्र आपल्या घरांत नसावे. वडिलांनी तळावे, ताईने पीठ घोळवावे, दादाने कांदा चिरावा, लहानग्याने लिंबू पिळावे. विज्ञानाच्या पुस्तकातील उत्कलनबिंदू मुलांनी कढईतील बुडबुड्यांत पाहावा. आणि पुढच्या बाजारात लालभडक गाडा दिसला, की आपल्या मुलानेच विचारावे, "हा लाल रंग ब्याडगीचा आहे की पुडीतला?" असा प्रश्न विचारणारे मूल घडवणे, हेच शाळेचे काम आहे आणि घराचेही.

आपला,
मुख्याध्यापक