घरच्या कबड्डी मैदानाची माती

पनवेल तालुक्यात घरामागच्या मोकळ्या जागेत पोरांसाठी कबड्डीचं मैदान करायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास येतो: लाल माती आणा, आखाड्यात असते तशी. हा सल्ला ऐकू नका. आखाड्याची माती तेल, ताक, हळद घालून, पुन्हा पुन्हा खणून भुसभुशीत राखतात, कारण पैलवानाला तिच्यावर आपटायचं असतं. चढाई करणाऱ्याला पळायचं आणि एका पायावर गर्रकन वळायचं असतं. भुसभुशीत मातीत पाऊल रुतून बसतं, अंग मात्र वळतं, आणि सगळा पीळ गुडघ्यावर पडतो. म्हणून कबड्डीला खाली पक्का थर हवा आणि वर जेमतेम बोटभर मऊपणा.

‘शेतातली माती काय वाईट?’ असंही विचारतात. भातखाचरातली किंवा खाडीकडच्या खाजणातली माती चिकण असते. भिजली की निसरडी, वाळली की भेगाळते, आणि अनवाणी खेळताना भेगेत बोट अडकतं. माती मागवण्याआधी बाटलीत थोडी घेऊन पाण्यात ढवळून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिलं तर चिकणाई जास्त आहे. अशा मातीत वाळू आणि चाळलेला मुरूम मिसळावा लागतो. कबड्डीच्या नियमांतही सपाट, मऊ मैदानासाठी माती, चाळलेलं खत आणि लाकडाचा भुसा यांचा उल्लेख आहे.

पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटर. दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे 13 घनमीटर, साडेचार ब्रासहून थोडी जास्त. पाणी मारून, धुमसून ती खाली बसते, म्हणून सहा ब्रास धरा.

पण पैसा वाया जातो तो मातीत नाही, पाण्यात. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो. निचरा नसेल तर उत्तम मातीचाही चिखल होतो. आधी मुरूम दाबून घ्या. मधल्या रेषेपासून दोन्ही टोकांकडे नजरेला न जाणवणारा उतार द्या आणि कडेने चर खणा. हे काम टाळून महागडी माती आणणं मला पटत नाही.

2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसू लागली, तसा मॅटचा आग्रह वाढला. मॅट टाकली की खालचं काही बघायला नको, हा समज घातक आहे. खाली खड्डा असेल तर वरही खड्डाच राहतो. उघड्यावर उन्हाने फोम कडक होतो, पावसात खाली ओल धरते. शिवाय मॅटवर बूट घालून खेळतात, मातीवर अनवाणी. तो खर्चही धरा. नुसत्या काँक्रीटवर तर पकडीचा सराव नकोच.

धूळ बसावी म्हणून खेळाच्या तोंडावर पाणी मारू नका, आदल्या संध्याकाळी मारा. रेषांसाठी कळीचा चुना कधीही वापरू नका. ओल लागताच तो तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. खडूची फक्की पुरते. आणि खत-शेण ‘आपलंच’ म्हणून निर्धोक नसतं: धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. खरचटलं की साबण-पाण्याने धुवा आणि पोरांची धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, ते मैदान आखण्याआधी तपासा.