अक्षर पाहावे की वाचावे?

मुळशीकडच्या एका शेतकऱ्याने मागे आमच्यापुढे एक कागद ठेवला. जमिनीचा, मोडीतला. कागद मोठा देखणा! आधी आडवी रेघ ओढलेली, तिला अक्षरे लोंबत गेलेली, दोन शब्दांत जागा नाही, बोरू फारसा उचललेलाच नाही. तो म्हणाला, "दादा, यात काय लिवलंय ते सांगा की." कामगारांची शेकडो निवेदने आम्ही लिहिली, पण इथे गप्प बसलो. चित्राकडे पाहावे तसे कागदाकडे पाहत राहिलो.

अक्षर हे चित्रही असते, ही गोष्ट जपान्यांनी लाकडी ठशांच्या चित्रांत पुरेपूर साधली. चितारी पातळ कागदावर कुंचल्याने रेखाटन करी. तो कागद चेरीच्या फळीवर उपडा चिकटवून कोरक्या रेषेभोवतालचे लाकूड काढून टाकी. फांदी आणि तिच्या शेजारची कविता एकाच फळीवर कोरता येई. गंमत अशी, की सुटे खिळे जपानात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले होते. पण एकमेकांत वाहणारी अक्षरे खिळ्यांत मोकळी होईनात. शिवाय फळी जपून ठेवली, की मागणी येईल तेव्हा पुन्हा छापता येई. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापणारे फळीकडेच परतले. चित्रावर नाव मात्र चिताऱ्याचे, बहुधा प्रकाशकाचेही, कोरक्याचे क्वचित. आमच्यासारख्याच्या नजरेतून हे सुटावे कसे?

आपल्याकडेही असा एक उद्योग झाला. नाना फडणवीसांनी पुण्यात एका तांबटाकडून गीतेचे ठसे तांब्यावर कोरवून घेण्यास आरंभ केला. नाना १८०० साली वारले. ते काम मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तडीस गेले. पुढे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळेवर हाताचे वळण जसेच्या तसे उतरते. मग बाळबोध खिळ्यांचे छापखाने वाढले, मोडी मुख्यतः हाताने लिहिण्यापुरती उरली आणि १९५० च्या सुमारास शाळेतूनही गेली.

जपानात १९०० साली शाळांतून ध्वनिदर्शक अक्षरांची एकेकच रूपे शिकवावयाचे ठरले. आज तिथला शिकलेला माणूसही जुन्या चित्रांवरची लपेटीदार अक्षरे बहुधा वाचू शकत नाही. सुंदर म्हणतो आणि पुढे जातो.

आमच्या शेतकऱ्याला तेवढ्याने भागणार नव्हते. त्याचा बांधाचा तंटा होता. अखेर पुण्यात एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी भिंग लावून, रेघेवरून बोट फिरवीत कागद वाचला. बांध ओढ्याच्या अलीकडे, असे त्यात होते. शेतकऱ्याने ते बाळबोधीत उतरवून मागितले, घडी करून खिशात घातले, आणि मूळ कागद होता तसा फडक्यात गुंडाळला.