घरात लाव्ही पाळायची? आधी ती रानातली की जपानी ते बघा, मग उन्हाळ्याची सोय करा

जळगाव/धुळे (प्रतिनिधी) : मोबाइलवर व्हिडिओ बघून घरात दोन-चार लाव्ह्या पाळायची हौस आता खेड्यापाड्यात पण आली आहे. पक्षी लहान, जागा कमी लागते, मुलांना आवडतो आणि वरून अंडी देतो. कोणी बटेर म्हणतं, कोणी क्वेल. पण घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. एक, सगळ्याच लाव्ह्या पाळायला चालत नाहीत, चुकीची घेतली तर केस होऊ शकते. दोन, आपल्या खान्देशचा एप्रिल-मे हा पक्षी सहज काढत नाही. बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे.

लाव्ही दोन प्रकारची

आपल्या ज्वारी-बाजरीच्या वावरात, बांधावर, माळरानावर पायाजवळून भुर्रकन उडते ती रानातली लावरी. पावसाळ्यात गवतातून तिचा आवाज येतो. काही जाती हिवाळ्यात लांबून गहू-हरभऱ्याच्या शेतात उतरतात. या सगळ्या रानातल्या पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. तितर आणि आपला हिरवा पोपट यांनाही हेच लागू आहे. "मी पकडली नाही, बाजारातून पैसे देऊन आणली" हे उत्तर चालत नाही.

पाळायची असते ती जपानी लाव्ही. ही कोंबडीसारखीच पिढ्यानपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेली. भारतात ती १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून आली. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला पक्षी संशोधनाचं सरकारी केंद्र आहे, तिथून ती देशभर पसरली. मधे २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जपानी लाव्ही पण वन्यजीव कायद्यात येते असं सांगून नवे परवाने थांबवले होते. नंतर पाळीव जपानी लाव्हीला त्यातून वगळलं. त्यामुळे अजूनही काही लोकांच्या मनात गोंधळ आहे.

ओळखायची कशी?

- वजन बघा. मोठी जपानी लाव्ही साधारण १८० ते २५० ग्रॅम भरते. रानातली १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलकी. हातात घेतली की फरक कळतो.
- रानातल्या पावसाळी लावरीच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो. जपानी नराची छाती विटकरी रंगाची, साधी. मादीच्या छातीवर काळे ठिपके.
- पांढरी किंवा सोनेरी लाव्ही दिसली तर ती पाळीव जातीतली समजा.
- रानातून जाळ्यात धरलेली पिंजऱ्यात शांत बसत नाही. सारखी वर उडी मारते, कपाळ सोललेलं असतं, पिसं तुटलेली असतात.
- सगळ्यात महत्त्वाचं, हॅचरीतून किंवा फार्मवरून घ्या आणि पावती घ्या. पिशवीत, जाळीत पक्षी घेऊन फिरणाऱ्याकडून घेऊ नका. पावती घरात जपून ठेवा.

कोणी रानातली लावरी विकताना दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे.

पिंजरा : लांब-रुंद हवा, उंच नको

लाव्ही झाडावर बसणारा पक्षी नाही, जमिनीवर चालणारा आहे. तिला बसायला दांडी लागत नाही, चालायला जागा लागते. चार-पाच पक्ष्यांना ३ फूट लांब आणि २ फूट रुंद पेटी घरच्या घरी पुरते. उंची फूटभरच ठेवा. घाबरली की ही सरळ वर उडी मारते. दोन-तीन फूट उंची असली तर वेग घेऊन डोकं आपटते आणि मरते. छताला आतून जुनं कापड नाहीतर स्पंज लावला तर चांगलं.

जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या जाळीतून उंदीर येतो, मांजर पंजा घालते. खाली नुसती तारेची जाळी असली तर पायाला जखमा होतात. लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची कोरडी टरफलं अंथरा. ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर बुरशी धरते. एका ताटलीत कोरडी वाळू किंवा गार झालेली राख ठेवा. त्यात लोळून ती अंग साफ करते.

एका पिंजऱ्यात एकच नर ठेवा, सोबत तीन-चार माद्या. दोन नर ठेवले तर एकमेकांचे डोळे-डोकं फोडतात. आणि नर रात्री-पहाटे पण जोरात ओरडतो. शेजारी भिंतीला भिंत असेल तर नुसत्या माद्याच ठेवा. अंडी द्यायला नर लागत नाही.

चुलीच्या धुरात, मच्छर अगरबत्तीजवळ पिंजरा ठेवू नका. पक्ष्याला धूर माणसापेक्षा लवकर बाधतो. विष्ठा दोन दिवसांआड काढली नाही तर घरात उग्र वास सुटतो. काढलेलं उकिरड्यावर टाका, चांगलं खत होतं.

खायला काय?

एका मोठ्या लाव्हीला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खाद्य लागतं. पाच पक्ष्यांना महिन्याला साडेचार किलो धरा. नुसती बाजरी-ज्वारी टाकून भागत नाही, हिला प्रथिनं जास्त लागतात. कोंबडीचं ब्रॉयलर स्टार्टर मिळतं ते बारीक करून द्या. अंड्यावर असलेल्या मादीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कोथिंबीर, मेथी, लसूणघास थोडा चालतो.

कपाशीवाल्या आपल्या भागात एक गोष्ट जास्त जपायची. फवारणी झालेल्या वावरातली भाजी, गवत देऊ नका. औषध लावलेलं लाल-गुलाबी बियाणं उरलं म्हणून पक्ष्यांपुढे टाकू नका, ते विषच आहे. औषधाचं रिकामं पोतं, डबा पिंजऱ्याला किंवा पाण्याला वापरू नका. बुरशी आलेला मका पण नको.

उन्हाळा : खरी परीक्षा इथेच

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, धुळे-शिरपूरकडेही कमी नाही. लाव्हीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग गार करते. ३५ अंशांच्या पुढे तिला त्रास सुरू होतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी १२ ते ५ ठेवली तर संध्याकाळी जिवंत सापडेल याची खात्री नाही.

- धाब्याचं घर असेल तर पिंजरा तिथेच, जमिनीलगत ठेवा. पत्र्याचं असेल तर वर कपाशीच्या काड्या, केळीची पानं टाकून पाणी मारा.
- पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट लावा. बाकीच्या बाजू मोकळ्या ठेवा, हवा खेळली पाहिजे.
- कूलर कोरड्या एप्रिल-मेमध्ये चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरने उलट कोंदट होतं, तेव्हा पंखाच बरा. झोत थेट पक्ष्यांवर नको.
- लाइट जाते हे धरूनच जागा निवडा. जी खोली पंख्याशिवाय दुपारी गार राहते तीच पक्ष्याची.
- पाणी मातीच्या भांड्यात, दिवसातून तीनदा बदला. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी नको.
- चोच उघडी, पंख पसरलेले, मान टाकलेली दिसली तर लगेच गार जागी न्या, पाय ओले करा, इलेक्ट्रोलाइटचं पाणी पाजा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

अंडी आणि पिल्लं

मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. अंडं १०-१२ ग्रॅमचं, म्हणजे पाच अंडी मिळून कोंबडीचं एक. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. ही लाव्ही बहुधा स्वतः उबवत नाही, पाळीव होता होता तिची ती सवय गेली. पिल्लं हवी असतील तर मशीन लागतं, १७-१८ दिवसांत निघतात. पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब हवी. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर त्यात बुडून मरतात.

हौस म्हणून चार पक्षी ठीक. पण "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्याला पैसे देताना दहादा विचार करा. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला २०१९ मध्ये उघड झालेला कडकनाथ कोंबडीचा घोटाळा याच बोलीवर झाला होता.

बर्ड फ्लू विसरू नका

देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या शेजारी नवापूरलाच निघाला, १८ फेब्रुवारी २००६ ला. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात पण आला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. अशा वेळी बाधित भागातले परसातले, घरातले पक्षी पण नष्ट करतात. लाव्ही कोंबडीपेक्षा काटक असली तरी बर्ड फ्लू आणि राणीखेत तिलाही होतो. म्हणून तिला कोंबड्यांजवळ ठेवू नका, कावळे-चिमण्या तिच्या खाद्यात येऊ देऊ नका. पक्षी हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. गावात कोंबड्या किंवा कावळे अचानक मरायला लागले तर मेलेल्याला हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा.

शेवटचं एक. ही लाव्ही दोन-तीन वर्षं जगते. मुलांचा कंटाळा आला म्हणून वावरात सोडून देऊ नका. तिला रानात जगता येत नाही, दोन दिवसांत मुंगूस-मांजर खातं. जगली तर रानातल्या जातीत मिसळते, ते आणखी वाईट. पाळणारा दुसरा शोधा आणि पक्ष्यासोबत पावती पण द्या.