भर समुद्रात सहाजणी

मैत्रिणींनो, शिडाची होडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती संथ खाडी. पण अशाच शिडाच्या नौकेतून सहा बायका साऱ्या पृथ्वीला वळसा घालून आल्या! भारतीय नौदलाच्या वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या त्या सहाजणी. १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या 'तारिणी' नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. नौकेची लांबी जेमतेम १७ मीटर. तीही गोव्यातच, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली.

खरी कसोटी लागली न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाताना. ४१ दिवस कुठलंही बंदर नाही. पृथ्वीच्या त्या दक्षिण भागात वाऱ्याला अडवायला जमीनच फारशी नाही, त्यामुळे लाटा वाढतच जातात. प्रशांत महासागरात वादळाने त्यांना गाठलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर, थंडी तर हाडं गोठवणारी.

अशा वेळी करायचं तरी काय? पहिलं काम म्हणजे शीड आखडून लहान करायचं, तेही वारा वाढायला लागताच. उशीर झाला तर शीड फाटतं, डोलकाठीही मोडू शकते. दूध उतू जाण्याआधीच आपण गॅस बारीक करतो ना, तसंच हे! दुसरं, सुकाणू. मोठी लाट कुशीवर घेतली तर नौका कलंडण्याचा धोका, म्हणून लाटांना पाठ देऊन पुढे जायचं. नौकेच्या तळाशी जड वजन असतं, ते तिला पुन्हा सरळ करतं. तिसरं, वर जाताना कमरेचा पट्टा नौकेला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि चौथं, पाळ्या लावून झोपायचं, वेळेवर गरम काहीतरी पोटात घालायचं. दमलेल्या माणसाच्याच हातून चुका होतात. अशा नौकांतली शेगडीसुद्धा झोपाळ्यासारखी टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सरळ राहतं.

यातलं काहीही त्या जन्मतः शिकून आल्या नव्हत्या. २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे यांनी त्यांना शिकवलं. आधी जवळच्या, मग लांबच्या सफरी, असं करत त्या तयार झाल्या. पुढे २०२४-२५ मध्ये याच 'तारिणी'तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जगाला फेरी मारून आल्या.

मी शाळेत शिकवते. सहलीच्या परवानगीचे कागद वाटले की मुलांचे दुसऱ्या दिवशी सही होऊन येतात, मुलींचे मात्र अडून राहतात. "बाई, तिथे पाणी आहे का हो?" असं आया विचारतात. काळजी वाटणारच, आपलंच लेकरू आहे. पण पाण्यापासून लांब ठेवलेल्या मुलीला पाणी कळणार तरी कसं? तेव्हा या सुट्टीत लेकीला आधी पोहायला घाला, आणि कागदावर सही करून टाका!