पाट्या पडतात तेव्हा

उरण तालुक्यातल्या घारापुरीच्या मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरलं की महेशमूर्ती लगेच नीट दिसत नाही. उन्हाने दिपलेले डोळे आधी खांबांच्या रांगा टिपतात, मग समोरच्या भिंतीतला काळोख, आणि त्यातून वीसेक फुटांची ती तीन मुखं सावकाश पुढे येतात. पूर्वेच्या बाजूने आलात तर त्याच लेण्यात समोर येतं ते शिवलिंगाचं चार दारांचं गर्भगृह. शिल्पं तीच, दगडही तोच, पण पहिली ओळख वेगळी. प्रेक्षकाला कुठल्या वाटेने आत घ्यायचं हे ठरवणं म्हणजेच सिनेमाच्या पाट्यांची रचना, असं मला वाटतं. नावं वाचायला देणं हे त्यातलं दुय्यम काम.

आपल्याकडे ही वाट तशी मोकळी कधीच नव्हती. पडद्यावर सर्वात आधी येतं सेन्सॉरचं प्रमाणपत्र, आणि ते आपण किती मन लावून वाचायचो! सिनेमा किती रिळांचा, हे जोरात सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक खेळाला असायचाच. 2012 पासून तंबाखूविरोधी जाहिरातीचीही त्यात भर पडली. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत तर पाट्या संपेपर्यंत लोक जागाच शोधत असत, त्यामुळे तेवढ्या वेळात गोष्ट पुढे नेण्यात अर्थ नसे. परदेशातही फार वेगळं नव्हतं. 1955 साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी कापलेल्या कागदाच्या आकृत्यांतून पाट्या रचल्या, तेव्हा रिळांच्या डब्यांवर सूचना लिहावी लागली, की पाट्यांच्या आधीच पडदा उघडा. तोवर बऱ्याच थिएटरांत नावं बंद पडद्यावरच उमटून जात.

संगणक येण्याआधी हे काम हाताचं आणि रसायनांचं होतं. पेंटर काळ्यावर पांढऱ्याने नावं लिही आणि त्याचं स्थिर कॅमेऱ्याने चित्रण होई. काळा भाग प्रकाश परतवत नाही, त्यामुळे तो फिल्मवर उमटत नाही. म्हणूनच आधी छापलेल्या दृश्यावर नुसती अक्षरं चढवता येत. मात्र उजळ आकाशावर पांढरं नाव बुडून जातं. त्यासाठी चौकटीचा गडद भाग हेरून ठेवावा लागे. अक्षराला काळी कड हवी असेल तर छपाईचा आणखी एक फेरा, म्हणजे आणखी पैसे.

देवनागरीत आणखी एक पेच आहे. ‘सायको’त (1960) बास यांनी नावं आडवी चिरली आणि तुकडे इकडेतिकडे सरकवले. रोमन अक्षरं सुटी असतात, ती हे सोसतात. आपल्याकडे शिरोरेषेवर सगळा शब्द टांगलेला; वर वेलांटी, खाली उकार. तसाच चिरला तर अर्थच गळून पडेल. शिवाय मात्रा आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते, आणि पाटीवर नावं कमी मावतात.

या शिरोरेषेचा जाच न मानता तिच्याशी खेळणारे एक मोठे कलावंत म्हणजे कमल शेडगे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात आणि पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये नोकरी करताना त्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि सिनेमांसाठी शीर्षकं रेखाटली. प्रत्येक नावाला स्वतंत्र वळण, त्यामुळे नाटकाची प्रकृती जाहिरातीतच कळे. शेडगे 2020 मध्ये गेले. मराठी पाट्यांमध्ये जे चांगलं आहे ते सिनेमाच्या तंत्रापेक्षा नाटकाच्या जाहिरातीतून आलेलं आहे, हे माझं मत कुणाला अतिरेकी वाटेल. हिंदी सिनेमाने श्रेयनामावलीसाठी बहुधा रोमन लिपी धरली; मराठीने देवनागरी सोडली नाही, हाही त्याच अक्षरप्रेमाचा भाग.

आता ओटीटीवर पाट्या वगळायचं बटण असतं. ‘शोले’ (1975) पाहताना ते दाबू नये. त्यातल्या रेल्वेलुटीचं चित्रण उरणच्या शेजारी, पनवेलजवळच्या रुळांवर झालं, म्हणून आम्हा इकडच्या लोकांना तो सिनेमा जरा घरचा वाटतो. पाट्या मात्र कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांतून धावणाऱ्या दोन घोडेस्वारांवर पडतात. आर. डी. बर्मन यांचं संगीत वाजत असतं, स्टेशन मागे पडतं, आणि सगळा मुलूख कथेआधीच पायाखालून जातो. कलाकारांत शेवटी ‘अँड इंट्रोड्यूसिंग अमजद खान’ येतं. तेव्हा ते नाव प्रेक्षकांना ओळखीचं नव्हतं, आणि त्यांनी साकारलेला गब्बर पडद्यावर यायला त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ लागतो.