हिरोगावाचा बांध

होन्शू हे जपानमधील सर्वांत मोठे बेट. या बेटाच्या कीई द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाकायामा प्रांतात, हिरोगावा नावाचे एक लहानसे नगर वसले आहे. मराठी कानांना या नावात 'गाव' ऐकू येते. परंतु जपानी भाषेत 'कावा' म्हणजे नदी, आणि जोडशब्दात त्याचाच 'गावा' होतो. पूर्वेकडील डोंगरांतून उतरून समुद्राला मिळणाऱ्या नदीवरून या नगराला हे नाव मिळाले. डोंगरउतारांवर संत्र्यांच्या बागा, सपाटीवर भातशेती आणि समोर उपसागर, अशी त्याची ठेवण आहे. लोकवस्ती सात हजारांच्या आतच आहे.

हा उपसागर पश्चिमेकडे उघडा असून आत अरुंद होत जातो. त्यामुळे समुद्रतळाशी भूकंप होऊन प्रचंड लाटा उसळल्या, की त्यांचे पाणी येथे कोंडले जाते व उंच चढते. अशा लाटांना जपानी लोक 'त्सुनामी' म्हणतात. त्सुनामी म्हणजे बंदरातील लाट. 1707 साली अशाच लाटांनी येथील जुन्या हिरो गावाची मोठी हानी केली होती.

24 डिसेंबर 1854 रोजी सायंकाळी पुन्हा भूकंप झाला आणि समुद्र गावात शिरला. हामागुची गोर्यो हा चौतीस वर्षांचा व्यापारी त्या वेळी गावात होता. त्याच्या घराण्याचा सोया रसाचा व्यवसाय होता. लाटांच्या तडाख्यातून तो स्वतः कसाबसा उंचावर पोहोचला. खाली अंधारात अनेक लोक वाट चुकून चाचपडत होते. तेव्हा गोर्योने शेतातील भाताच्या पेंढ्याच्या गंज्या पेटविल्या. त्या ज्वाळांच्या उजेडाने अनेकांना टेकडीवरील देवळाची वाट सापडली व त्यांचे प्राण वाचले.

ही आगीची कथा पुढे जगभर गाजली. परंतु गोर्योचे खरे मोठेपण त्यानंतरच्या चार वर्षांत दिसून आले. घरे वाहून गेली होती, होड्या फुटल्या होत्या. लोक गाव सोडून जाण्याच्या विचारात होते. केवळ दान देऊन गाव उभे राहणार नाही, हे त्याने ओळखले. स्वतःच्या पैशाने त्याने समुद्रकाठी मातीचा भक्कम बांध घालण्यास प्रारंभ केला. बांधावर राबणाऱ्या ग्रामस्थांना मजुरी मिळू लागली आणि गाव टिकून राहिले. 1858 साली सुमारे 600 मीटर लांबीचा व 5 मीटर उंचीचा बांध पुरा झाला. त्याच्या समुद्राकडील बाजूस पाइन वृक्ष लावण्यात आले. कृतज्ञ ग्रामस्थ गोर्योचे देऊळ उभारू पाहत होते; ते मात्र त्याने होऊ दिले नाही.

1885 साली गोर्यो निधन पावला. बांधाची खरी परीक्षा 1946 साली, म्हणजे तो पुरा झाल्यावर 88 वर्षांनी झाली. त्या वर्षीच्या लाटा बांधाने अडविल्या आणि त्याच्या आडची बहुतेक वस्ती सुरक्षित राहिली. ज्यांच्यासाठी तो घातला होता, त्यांतील कित्येक जण तेव्हा जन्मलेही नव्हते!

1955 साली हिरो व शेजारची दोन गावे मिळून आजचे हिरोगावा नगर झाले. आता गावाचे रक्षण एका धनिकाच्या औदार्यावर अवलंबून नाही. नागरिक दर चार वर्षांनी नगराध्यक्षाची व नगरसभेच्या सभासदांची थेट निवड करतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मताचा अधिकार आहे. नगरसभा अंदाजपत्रक व स्थानिक नियम मंजूर करते. नगराध्यक्ष कारभार चालवितो. शाळा, पाणीपुरवठा आणि आपत्तीपासून बचावाची सिद्धता ही नगराचीच कामे होत. मतदारांपैकी एक पन्नासांश लोकांनी सह्या केल्यास नवा नियम करण्याची मागणी नगरसभेपुढे मांडता येते.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 साली 5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून ठरविला. जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणे हाच त्या संकटाचा दिवस होता. नोव्हेंबरात हिरोगावात त्सुनामीचा स्मरणोत्सव होतो आणि शाळेतील मुले ओंजळीने बांधावर माती घालतात. ती माती थोडीशीच असते; परंतु पूर्वजांनी घातलेला बांध आता आपण सांभाळावयाचा आहे, हे त्या मुलांना त्यातून उमगते.