चिकट पृष्ठाचे टेबल टेनिस रबर : घर्षण, फिरकी आणि महाविद्यालयीन खेळाडू

प्रस्तावना

आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिस स्पर्धेची तयारी करणारा ग्रामीण भागातील विद्यार्थी बहुधा जिमखान्यातील तयार बॅटवर खेळ शिकलेला असतो. स्पर्धा तोंडावर आली की त्याला स्वतःची बॅट असावी असे वाटू लागते. वैरागहून बार्शी किंवा सोलापूर गाठून, नाहीतर पुण्याच्या एखाद्या नातेवाइकाकरवी तो चौकशी करतो, तेव्हा त्याच्यासमोर एक ठरावीक प्रात्यक्षिक केले जाते. विक्रेता रबरावर चेंडू हलकेच दाबतो, बॅट उलटी करतो आणि चेंडू खाली न पडता लटकून राहतो. ज्या रबराला चेंडू चिकटतो त्या रबराने फिरकी जास्त मिळते, असा निष्कर्ष विद्यार्थी तेथेच काढतो आणि घरून मोठ्या मिनतवारीने आणलेले पैसे त्या रबरावर खर्च करतो. पुढे महिनाभर त्याचे चेंडू जाळीत जात राहतात आणि निवड चाचणी याच महिन्यात येते.

जिमखान्यासाठी साहित्यखरेदीची शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. चिकट पृष्ठाचे, म्हणजे खेळाडू ज्याला ‘टॅकी’ म्हणतात ते रबर, प्रत्यक्ष खेळात नेमके कसे वागते याचा विचार प्रस्तुत लेखात भौतिकशास्त्राच्या अंगाने केला आहे. त्यातील गणित पदवीच्या पहिल्या वर्षापलीकडचे नाही. अन्य विद्याशाखांच्या वाचकांनी आकडे ओलांडून पुढे वाचले तरी मुद्दा हाती लागावा.

रबराची घडण

बॅटच्या लाकडी फळीवर आज जे आवरण असते ते दोन थरांचे असते. आतला थर स्पंजाचा आणि वरचा पातळ रबरी पापुद्र्याचा. पापुद्र्याच्या एका बाजूस बारीक दाणे असतात. हे दाणे आत, स्पंजाकडे वळविले की चेंडूला सपाट पृष्ठ मिळते. पापुद्रा, स्पंज आणि गोंद मिळून जाडी ४ मिमीपेक्षा अधिक असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा नियम आहे.

या नियमाचा उगम महाराष्ट्रात घडलेल्या एका प्रसंगाशी जोडलेला आहे. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. ही स्पर्धा आशियात प्रथमच होत होती. त्यापूर्वी बहुतेक खेळाडू बाहेर दाणे असलेल्या साध्या रबराने खेळत आणि चेंडू बॅटवर आपटल्याचा टणत्कार स्पष्ट ऐकू येई. जपानचा हिरोजी सातोह मुंबईत जाड स्पंजाची बॅट घेऊन उतरला. चेंडू स्पंजात रुतून निःशब्दपणे परत येऊ लागला. आवाजावरून फटक्याचा अंदाज घेण्याची सवय असलेले युरोपीय खेळाडू गोंधळले आणि सातोह पुरुष एकेरीचा विजेता ठरला. त्यानंतर स्पंजास परवानगी असावी की नसावी यावर अनेक वर्षे वाद चालला. अखेरीस १९५९ मध्ये महासंघाने आवरणाचे प्रमाणीकरण केले. स्पंज राहिला, परंतु त्यावर रबरी पापुद्रा असणे आवश्यक ठरले आणि जाडीस मर्यादा आली. टेबल टेनिसमधील साधनांचा इतिहास बव्हंशी युरोप, जपान आणि चीन यांच्याच संदर्भात सांगितला जातो. त्यातले निर्णायक वळण मुंबईत आले, हे आपल्याकडील क्रीडाविषयक लेखनात अभावानेच आढळते.

पुढे दोन परंपरा विकसित झाल्या. जपानी व जर्मन उत्पादकांनी स्पंज अधिकाधिक उसळीचा केला. २००८ साली आलेले ‘बटरफ्लाय’ कंपनीचे ‘टेनर्जी’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचे पृष्ठ चेंडूला घट्ट धरते, परंतु बोटाला चिकटत नाही. चिनी उत्पादकांनी पृष्ठ चिकट आणि स्पंज कठीण ठेवला. ‘डीएचएस’ कंपनीचे ‘हरिकेन ३’ हे या कुळातील सर्वांत परिचित रबर होय. २०१६ च्या रिओ आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुष एकेरीचे सुवर्णपदक मिळविणारा मा लाँग फोरहँडला याच कुळातील रबर वापरीत असे. चिकटपणा आणि कठीणपणा हे दोन भिन्न गुण बाजारात एकत्रच येतात, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. विद्यार्थी पहिला गुण पाहून रबर घेतो, आणि त्याच्या अडचणी मात्र दुसऱ्या गुणामुळे सुरू होतात.

लटकणारा चेंडू काय सिद्ध करतो?

चेंडूचे वस्तुमान २.७ ग्रॅम आहे. त्याला लटकत ठेवण्यासाठी रबराला सुमारे ०.०२६ न्यूटन एवढेच बल लावावे लागते. आता एका जोरदार फटक्याचा विचार करू. चेंडू सेकंदाला ८ मीटर वेगाने आला आणि १२ मीटर वेगाने परत गेला असे मानले, तर वेगातील बदल २० मीटर होतो. चेंडू आणि रबर यांचा संपर्क साधारणतः एक मिलिसेकंद टिकतो. यावरून सरासरी बल ५४ न्यूटन, म्हणजे साडेपाच किलो वजनाइतके येते. लटकणाऱ्या चेंडूने दाखविलेले बल त्याच्या सुमारे दोन हजारावा हिस्सा आहे. शिवाय दुकानात चेंडू दाबून स्थिर धरलेला असतो. चिकट पृष्ठाला पकड घेण्यासाठी वेळ लागतो आणि खेळात तो वेळ मिळत नाही. तेव्हा जोरदार फटक्यात चेंडूला ओढून धरण्याचे काम चिकटपणा करतो, ही समजूत टिकत नाही.

मग चिकटपणाचा उपयोगच नाही काय? तसेही नाही. त्यासाठी फिरकी कशी निर्माण होते हे पाहावे लागेल.

फटक्यात बॅट आणि चेंडू यांच्या सापेक्ष वेगाचे दोन घटक करता येतात. एक रबरात शिरणारा, दुसरा रबरावरून घासत जाणारा. चेंडू पोकळ गोल असल्यामुळे, रबराने तो न घसरता पकडला तर घासण्याच्या वेगाचा दोन-पंचमांश भाग चेंडूला पुढे नेण्यात आणि तीन-पंचमांश भाग त्याच्या फिरकीत जातो. घासण्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरल्यास चेंडूच्या पृष्ठाचा वेग ७.२ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ फेरे एवढी फिरकी मिळते. पापुद्रा आणि त्याखालचे दाणे कडेला ताणले जाऊन परत येतात, त्यामुळे प्रत्यक्षात यात भर पडते.

या सर्वांची अट एकच, ती म्हणजे चेंडू घसरता कामा नये. त्यासाठी लागणारा किमान घर्षणांक काढता येतो. शिरण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल आणि चेंडू त्याच्या ०.८ पट वेगाने उसळत असेल, तर ०.४४ एवढा घर्षणांक पुरतो. कोणत्याही स्वच्छ, चांगल्या सपाट रबराचा घर्षणांक याहून बराच अधिक असतो. म्हणजे भरीव फटक्यात चिकट आणि साधे रबर पकडीच्या दृष्टीने सारखेच. परंतु तोच १२ मीटरचा घासण्याचा वेग आणि शिरण्याचा वेग अवघा १ मीटर असेल, म्हणजे बॅटने चेंडूला केवळ चाटून जायचे असेल, तर लागणारा घर्षणांक २.७ होतो. येथे साधे रबर हार मानते आणि चेंडू घसरतो.

चिकट रबराचे क्षेत्र हेच आहे. घर्षणबल हे दाबाच्या प्रमाणात असते, असे आपण शाळेत शिकवितो. रबराच्या बाबतीत हा नियम ढिला पडतो. पृष्ठांच्या आसंजनातून येणारे घर्षण दाब कमी झाल्यावरही बऱ्याच अंशी शिल्लक राहते. त्यामुळे दाब जितका हलका, तितका परिणामी घर्षणांक मोठा. चिकट पृष्ठात हा अंश विशेष असल्याने अगदी हलक्या, पातळ स्पर्शातही ते चेंडूला फिरवू शकते.

खेळातील वर्तन

आता खेळाडूंचे अनुभव सुसंगत दिसू लागतात. सर्व्हिस करताना चेंडू जवळजवळ स्थिर असतो आणि बॅट त्याला खालून किंवा कडेने निसटता स्पर्श करते. चिकट रबराचा लाभ येथे सर्वाधिक असतो. टेबलावरच्या आखूड पुशमध्येही तसेच घडते. हलक्या स्पर्शात कठीण स्पंज फारसा दबत नाही, चिकट पृष्ठ चेंडूची थोडी ऊर्जा शोषून घेते आणि चेंडू जाळीलगत, बुटका व बॅकस्पिन घेऊन पडतो. प्रतिस्पर्ध्याला अशा चेंडूवर आक्रमण करणे अवघड जाते. तिसरा फटका म्हणजे बॅकस्पिनच्या चेंडूवर खालून वर घासत मारलेला संथ टॉपस्पिन. फिरत्या चेंडूभोवतीच्या हवेमुळे निर्माण होणारे बल, ज्याला मॅग्नस परिणाम म्हणतात, चेंडूला खाली खेचते. चेंडू कमानीतून येतो आणि टेबलावर आदळून अनपेक्षितपणे पुढे झेपावतो.

याउलट टेबलापासून दूर उभे राहून केलेली वेगवान देवाणघेवाण किंवा बॅट नुसती समोर धरून केलेला ब्लॉक यांत चित्र पालटते. चेंडूला गती देण्याचे काम येथे स्पंजाचे असते आणि कठीण स्पंज दबण्यासाठी मोठे बल मागतो. मांडी, कंबर आणि खांदा यांच्या सहभागातून येणारा पूर्ण झोका असेल तर तो मिळतो. केवळ मनगटाने खेळणाऱ्यास मिळत नाही आणि चेंडू जाळीत जातो. अनेक चिनी खेळाडू चिकट रबर फोरहँडला ठेवून बॅकहँडला मऊ, उसळीचे रबर लावतात ते याच कारणाने, कारण बॅकहँडचा झोका आखूड असतो. कठीणपणाचे आकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी. चिनी मापावरील ४० अंश आणि जर्मन मापावरील ४० अंश यांचा अर्थ एक नव्हे. चिनी रबर त्याच आकड्याला बरेच अधिक कठीण असते.

चेंडूतील बदलांनीही या प्रश्नाला धार आणली आहे. २००० साली चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिमी झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइडची जागा प्लॅस्टिकने घेतली. दोन्ही बदलांनी फिरकी घटली. २००८ मध्ये बाष्पशील द्रावके असलेल्या गोंदावर बंदी आली, तसेच आवरणावर कोणतीही रासायनिक वा अन्य प्रक्रिया करण्यास नियमाने मनाई आहे. तेल लावून कठीण स्पंज ‘उघडण्याचा’ सल्ला विद्यार्थ्यांना सर्रास दिला जातो. तो नियमबाह्य आहे, हे प्राध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगावे.

पकड म्हणजेच सर्वस्व नव्हे, याचा दाखला २०२४ च्या फेब्रुवारीत बुसान येथील जागतिक सांघिक स्पर्धेत मिळाला. भारताच्या ऐहिका मुखर्जी हिने तेव्हाची अग्रमानांकित सुन यिंगशा हिला हरविले. ऐहिका एका बाजूस घर्षण जवळजवळ नसलेले ‘अँटी-स्पिन’ रबर वापरते. एकीकडे चिकट, दुसरीकडे निसरडे, आणि जिंकले निसरडे! तो सामना भारताने गमावला, ही गोष्ट वेगळी.

वैरागची हवा

चिकट रबराचा खरा शत्रू धूळ. पृष्ठ जितके चिकट, तितके कण अधिक धरून ठेवणार आणि कणांचा थर बसला की चेंडूचा संपर्क रबराशी न होता धुळीशी होतो. आपल्या भागातील जिमखान्यांना बहुधा बंदिस्त सभागृह नसते. व्हरांड्यात किंवा वर्गखोलीत टेबल मांडलेले असते. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत हवेत भुसा आणि बारीक माती तरंगत असते. अशा वेळी अर्ध्या तासाच्या खेळात रबराचे पृष्ठ पांढुरके दिसू लागते. कोकणपट्टीत वा मुंबईत पावसाळ्यात रबरावर बाष्प धरते, तो त्रास आपल्याकडे कमी. मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छताखालील कपाटात ठेवलेले रबर अकाली जुने होते.

उपाय साधे आहेत. खेळ संपताच ओलसर स्वच्छ स्पंजाने रबर पुसावे, सावलीत वाळू द्यावे आणि रबराबरोबर आलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद पृष्ठावर बसवून ठेवावा. तो कागद विद्यार्थी पहिल्याच दिवशी फेकून देतात. ज्या महाविद्यालयात ही निगा राखली जाणार नाही, तेथे चिकट रबरावर खर्च करणे प्रस्तुत लेखकास अनाठायी वाटते. जिमखान्याच्या सामाईक बॅटसाठी मध्यम कठीण स्पंजाचे, न चिकटणारे परंतु चांगली पकड असलेले रबर योग्य होय. दोन-तीन वर्षे नियमित सराव केलेल्या आणि फोरहँडचा झोका पक्का झालेल्या विद्यार्थ्यास मात्र चिकट रबर अवश्य द्यावे. तेही स्पर्धेच्या तोंडावर नव्हे, तर उन्हाळी सुटीपूर्वी द्यावे, म्हणजे त्याला अंगवळणी पडण्यास अवधी मिळेल.

प्रयोगशाळेतील पडताळणी

दुकानातील प्रात्यक्षिकाऐवजी करण्याजोगा एक प्रयोग भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहज मांडता येतो. तीन जुने चेंडू त्रिकोणात एकमेकांना घट्ट चिकटवावेत, म्हणजे ते गडगळणार नाहीत. बॅट उतरणीच्या फळीवर बांधावी, चेंडूंचा त्रिकोण रबरावर ठेवावा आणि फळीचा कोन हळूहळू वाढवावा. त्रिकोण घसरू लागेल त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे घर्षणांक. हा कोन प्रथम मोकळ्या त्रिकोणासह आणि नंतर त्यावर २०, ५०, १०० ग्रॅम वजने ठेवून मोजावा. प्रत्येक वेळी ठेवल्यापासून ठरावीक दहा सेकंद थांबावे, कारण चिकट पृष्ठाची पकड काळाबरोबर वाढते. साध्या रबरावर वजनागणिक कोन फारसा बदलणार नाही. चिकट रबरावर मात्र मोकळा त्रिकोण फळी जवळजवळ उभी होईपर्यंत धरून राहील आणि वजन वाढेल तसा कोन उतरत जाईल. नंतर रबर न पुसता आठवडाभर वापरून हीच मोजणी पुन्हा करावी. दोन्ही वाचनांचा आलेख एकाच कागदावर काढण्यास एक तासिका पुरते, आणि क्रीडा विभागाने खरेदीचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी तो आलेख मागवून घ्यावा.